बखरनाना आणि येसूची रास

“आरं ए टोपीवाल्या! दोन टाकलंस तू! येक उचल माघारी! उचल म्हंतो न्हवं!”

खिंडीतल्या कातळावर उभा राहून एक काटक म्हातारा माझ्यावर ओरडत होता. आवाज असा की तो समोरच्या कड्यावर आपटला, तिथून भंडारदऱ्याच्या धरणापर्यंत गेला, भिंतीला टेकून जरा दम खाल्ला आणि परत आला, तरी म्हाताऱ्याचा पहिला श्वास संपलेला नव्हता.

मी तेव्हा मिरजगावहून आलेला नवाकोरा मास्तर. मोरदऱ्याच्या बोर्डाच्या शाळेवर नेमणूक झालेली. युद्धाचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात जायला तयार असलेला मास्तर तर औषधालाही मिळत नव्हता. राजूरपासून पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन मी चालत आलो होतो. वाटेत एका गुराख्याने सांगितलं होतं, खिंडीत दगडांची रास लागेल, तिच्यावर दगड टाकायचा, शिवी हासडायची आणि मग पुढे जायचं. तशी रीतच आहे. आम्ही कर्जत तालुक्यातली माणसं मुळात सढळ हाताची. मी दोन टाकले, आणि ते दोन्ही चांगले कलिंगडाएवढे.

“दोन टाकले तर काय बिघडलं, बाबा?” मी विचारलं.

म्हातारा टणाटण उड्या मारत खाली आला. “काय बिघडलं? मानशी येक दगड. जेवढी मानसं ही खिंड चढली तेवढं दगड हितं. तू दोन टाकलंस म्हंजी उद्याच्या मानसाला वाटनार, आज दोघं आलं हुतं. मग दुसरा कुठं गेला? वाघानं खाल्ला का कड्यावरनं पडला? हितं खोट्याला सुरुवात हुती, मास्तर!”

मी मास्तर आहे हे त्याने माझ्या टोपीवरून ओळखलं होतं. मी मुकाट्याने एक दगड उचलला. तो परत खाली ठेवेपर्यंत म्हाताऱ्याने डोळ्याची पापणी हलवली नाही. मग विचारलं, “शिवी कंची दिली?”

मी सांगितली. माझी शिवी घोडेगावच्या बैलबाजारात तयार झालेली होती, तिला तोड नव्हती. म्हाताऱ्याने ती लक्ष देऊन ऐकली आणि मान हलवली. “चांगली हाय. पर हितं ती चालत न्हाई. हितली ठरल्याली हाय. ‘येश्या, तुझ्या चुलीत पानी पडो.’ म्हना.”

मी म्हटलं. असा मी मोरदऱ्यात दाखल झालो आणि असे मला बखरनाना भेटले.

त्यांचं खरं नाव रामजी. पण डोंगरात त्यांना त्या नावाने कोणी हाक मारली असती तर त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं असतं की हा रामजी कोण. दहा कोसांत कुठल्या टेकाडाला काय नाव, ते कोणी दिलं, कोणत्या टाक्याचं पाणी कोणत्या दुष्काळात आटलं, कोणाच्या कुळाची पहिली झोपडी कोणत्या ओढ्यावर पडली, हे सगळं नानांच्या डोक्यात होतं. कागदावर एक ओळ नव्हती. एकदा मी म्हटलं, “नाना, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.” तर म्हणाले, “हितं चार म्हयने पाऊस. मागल्या मास्तराचं हजेरीपुस्तक आशाडात असं फुगलं की पावासारखं दिसाया लागलं. मला डोक्यावर इरलं घेता येतं. कागदाला येत न्हाई.”

त्यांच्याबरोबर फर्लांगभर चालायचं म्हणजे सकाळची न्याहारी, दुपारची भाकरी आणि संध्याकाळचा दिवा, तिन्ही वाटेतच. दर पावलाला एक दगड आणि दर दगडाला एक गोष्ट. “ह्यो धोंडा बघा, मास्तर. हितं कुशाबाबा बायकोवर रुसून बसला हुता.” मी म्हणायचो, “किती वेळ?” नाना म्हणायचे, “ते कुनी सांगितलं न्हाई. म्हून म्याबी सांगत न्हाई.”

त्यांचा एक प्रश्न साऱ्या डोंगराला पाठ होता. कोणीही काहीही सांगायला लागलं की नाना डावा डोळा बारीक करून विचारायचे, “बघितलं का ऐकलं?” बघितलं म्हटलं की पुढचे प्रश्न. ऐकलं म्हटलं की, “कुनाकडनं?” या दोन प्रश्नांनी मोरदऱ्यातल्या निम्म्या भुतांचा नायनाट केला होता.

माझ्या वाघाचाही केला. एकदा तिन्हीसांजेला खिंडीतून येताना माझ्या आडवा वाघ आला. चावडीवर मी तो रंगवून सांगितला. शेपूट आठ हात, डोळे गॅसबत्तीसारखे, डरकाळीने माझी टोपी उडून करवंदीच्या जाळीत. सगळे तोंड उघडे टाकून ऐकत होते. कोपऱ्यातून नाना म्हणाले, “बघितलं का ऐकलं?”

“प्रत्यक्ष बघितलं.”

“आंगावर पट्टं हुतं का ठिपकं?”

“अं... अंधार पडत होता.”

“म्हंजी पट्टं बघितलं न्हाई. जाळीतनं निगाला तवा जाळी किती हालली? शेळी निगाल्यावर हालती एवढी, का कोंबडी निगाल्यावर हालती एवढी?”

मी आपला इमानाने म्हटलं, “त्या मधली.”

“मग रानमांजर हुतं,” नाना म्हणाले. “पर टोपी उडाली ते खरं हाय. वारं हुतं त्या वक्ताला.” एवढी मेहरबानी मात्र त्यांनी माझ्यावर केली.

दुसऱ्याच्या बाबतीत जेवढे कडक, त्याच्या दुप्पट स्वतःच्या बाबतीत. श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी मला गडाच्या टाक्यातल्या नागाची गोष्ट सांगितली आणि ते राजूरच्या बाजाराला निघून गेले. दुपारी शाळेच्या दारात नाना उभे. इरल्यावरून पाण्याच्या धारा, पायाला जळवा लागलेल्या. अर्ध्या वाटेवरून परत आले होते. मला वाटलं, दरड कोसळली. म्हणाले, “मास्तर, त्यो नाग न्हवता. धामन हुती. आठिवलं मला,” आणि तसेच पुन्हा बाजाराला चालू लागले.

आणि एक गोष्ट. डोंगरात कोणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की नाना तंबाखूची चंची घेऊन त्याच्या उशाशी जाऊन बसायचे. माणसाबरोबर त्याच्या डोक्यातली माहिती जाऊ नये, एवढाच हेतू. पण झालं असं की नाना चंची घेऊन उंबऱ्यात दिसले की घरातल्या बाया रडायला सुरुवात करायच्या. गोमा म्हाताऱ्याला तर साधा हिवताप आला होता. नाना उशाशी बसून म्हणाले, “गोमादादा, तुझ्या आज्याच्या लग्नात वरात कंच्या वाटंनं गेली, तेवढं सांगून ठिव.” गोमा म्हाताऱ्याला असा संताप आला की तो गोधडी फेकून उठला, नानांच्या मागे काठी घेऊन नाल्यापर्यंत धावला, आणि मी बदली होऊन जाईपर्यंत धडधाकट होता. वरात कोणत्या वाटेने गेली ते मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता त्या राशीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

शंभरेक वर्षांपूर्वी या डोंगरात मालू नाईक नावाचा बंडकरी होऊन गेला. इंग्रज साहेबाने त्याच्यासाठी पलटण आणली, तंबू ठोकले, पण डोंगराने नाईकाला पोटात ठेवलं. मग कोणीतरी फितुरी केली आणि नाईक सापडला. तो सापडला खिंडीपलीकडच्या खिरपाड गावात, येसू नावाच्या माणसाच्या घरात. मोरदऱ्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की फितुरी येसूने केली. खिंडीत पहिला दगड पडला. तेव्हापासून जाणारा-येणारा दगड टाकत राहिला, शिवी देत राहिला, आणि मोरदऱ्याची पोर खिरपाडला दिली गेली नाही, खिरपाडची पोर मोरदऱ्यात आली नाही. खिरपाडचं पाणीदेखील आमचं माणूस पीत नसे. मधे ओढा एकच, देवी एकच, पण येणंजाणं बंद.

चैत्रात खिंडीतल्या देवीची जत्रा भरायची. मोरदरा उजव्या अंगाला, खिरपाड डाव्या अंगाला. नाना कातळावर चढून डोंगराचा सगळा इतिहास सांगायचे आणि शेवट येसूच्या फितुरीवर व्हायचा. मग आमची माणसं राशीवर दगड टाकायची. खिरपाडची माणसं तेवढा वेळ गप उभी राहायची, मग देवीला नारळ फोडायची आणि निघून जायची. त्यांच्यात पुढे उभा असायचा धोंडू, येसूचा पणतू. उंचापुरा, मिशाळ माणूस. आपल्या पणज्याला शिव्या पडताना तो पागोट्याचा शेव नीट करत राहायचा.

आणि नेमका या धोंडूचा मुलगा बुधा नानांच्या ठकूच्या मनात भरला.

हिरडे वेचायचं रान दोन्ही गावांना एकच. तिथे झाली असेल ओळख. ठकू नानांची एकुलती एक. बापासारखीच सरळ. तिने लपवाछपवी केली नाही. एका दुपारी मी नानांच्या ओट्यावर बसलो असताना ती माझ्यादेखत म्हणाली, “बा, मला खिरपाडच्या बुधाशी लगीन करायचं हाय. न्हाईतर करायचंच न्हाई.”

नानांच्या तोंडातली तंबाखू तोंडातच राहिली. मग म्हणाले, “ठके, येसूचं घर हाय ते.”

“आसंल. पर त्यानंच सांगितलं हे कुनी बघितलं?”

 नानांचाच प्रश्न त्यांच्याच पोरीने त्यांच्यावर टाकला होता. ते एवढंच म्हणाले, “बघतो. खरं निगालं तर हट्ट सोडशील?”

“सोडीन. आन् खोटं निगालं तर?”

“तर म्या सोता खिरपाडला जाईन.”

इतिहास पोरीसाठी वाकवायचा नाही, पण तपासायला काय हरकत, असा त्यांचा विचार. ते कामाला लागले. पण माग सापडेना. सगळे म्हातारे एकच सांगायचे, येसूने केली. आणि कुनाकडनं ऐकलं विचारलं तर सगळ्यांचं बोट शेवटी नानांच्याच घराकडे. नानांच्या बापाने सांगितलं, नानांच्या आज्याने सांगितलं. नाना म्हणायचे, “समदं पानी येकाच झऱ्याचं हाय, मास्तर. चव कशी कळावी?”

आषाढात भातलावणी चालू होती. नानांचं एक खाचर ओढ्याकाठी होतं, मोरदऱ्यातलं सगळ्यात कसदार. त्यातला तांदूळ शिजला की वास राजूरला जायचा आणि तिथली माणसं उपाशी असल्यासारखी कासावीस व्हायची. ठकू गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होती. लावता लावता सहज म्हणाली, “बा, ह्याला साहेबखाचर का म्हनत्यात?”

“कंचा तरी साहेब शिकारीला आला आसंल,” नाना म्हणाले.

आणि तिथेच थबकले. मी बांधावर उभा होतो. नानांच्या तोंडून ‘असेल’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. साऱ्या डोंगरातल्या गोट्यागोट्याचं नाव खणून काढणाऱ्या माणसाने आपल्या स्वतःच्या खाचराचं नाव कधी कोणाला विचारलं नव्हतं. हातातली रोपांची जुडी त्यांनी तशीच पाण्यात सोडली, पाय न धुता घोंगडी उचलली आणि चालू लागले.

ते गेले घाटाखालच्या वाडीत, त्यांच्या आत्याकडे, चिमाआतूकडे. म्हातारी एवढी जुनी की तिच्या अंगणातलं आंब्याचं झाड तिला मावशी म्हणत असेल. डोळे गेलेले, पण बाकी लख्ख. पुढचं मला नानांनीच सांगितलं.

“आतू, साहेबखाचर आपल्याला कुनी दिलं?”

म्हातारी म्हणाली, “आता इच्यारतो व्हय रं? लखूआज्ज्याला साहेबानं दिलं.”

“कशापायी?”

“त्यो खाली तंबूवर गेल्ता. नाईक कुठं झोपतो ते सांगून आला. मी बसलीया त्याच्या मांडीवर. मरताना त्यो नाईकाचं नाव घिऊन रडत हुता. घरातल्या बायांना ठावं हुतं. भाईर बोलायचं न्हाई म्हून सासवांनी आन घातली हुती.”

लखू म्हणजे नानांचा पणजा. ज्याच्या घरात येसूची शिवी जन्मली, तोच.

नाना परत आले ते निराळेच. चावडीवर कोणीतरी पुरुषभर उंचीच्या सापाची गोष्ट सांगितली, तरी ते काही विचारेनात. गावाला वाटलं, नानांनाच आता चंची घेऊन कोणीतरी भेटायला जावं. शेवटी त्यांनी मला आणि ठकूला समोर बसवून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, “आता बगा. गप ऱ्हायलो तर येसूचा डाग तसाच, आन् तुझं लगीन हुत न्हाई. बोललो तर फितुराची पोर कोन करील? तरीबी हुत न्हाई.”

ठकू म्हणाली, “मग नगं बोलू, बा. लोकं तुला कातळावर चढू द्यायची न्हाईत. मी ऱ्हाईन अशीच.”

मला अशा वेळी मधे तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, “नाना, सोपं आहे. कोणीतरी तिसरा शोधा. निर्वंश झालेलं घर, वारस ना पारस. फितुरी त्याने केली म्हणून सांगा. येसू सुटला, लखू सुटला, ठकूचं लग्न झालं. गोष्ट मी रचून देतो, अशी रचतो की मालू नाईकाला स्वतःला पटेल.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

“त्यो तिसरा काय म्हनंल, मास्तर?”

“काय म्हणणार? तो मेलेला आहे.”

“म्हंजी येसूवानीच,” नाना म्हणाले आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेले.  

पुढच्या चैत्रात जत्रा भरली. नाना कातळावर चढले. पांढरं धोतर, नवं मुंडासं. त्यांनी पहिल्यापासून सगळा इतिहास सांगितला, कुठेही अडखळले नाहीत. मालू नाईक खिरपाडात आला. येसूने त्याला भाकरी दिली. आता ठरलेलं वाक्य यायचं होतं. आमच्या माणसांनी हातात दगड घेऊन ठेवले होते.

नाना म्हणाले, “आन् माझ्या पणज्यानं, लखूनं, खाली जाऊन साहेबाला सांगितलं. इनाम म्हून खाचर घेतलं. ते म्या आजवर खाल्लं. येसूनं काय केलं न्हाई. माझ्या घरानं त्याच्यावर ढकललं, आन् म्या ते सांगत ऱ्हायलो.”

वाराही थांबला असं मी म्हणालो तर नाना वरून विचारतील, बघितलं का ऐकलं. वारा चालू होता. माणसं थांबली होती.

मग आमच्या बाजूने एकच गलका उठला. “नाना, म्हातारचळ लागला का?” “शंभर वर्सं मग काय झक मारली व्हय?” आमच्या लोकांचं दुःख खरं होतं. एवढा जपून ठेवलेला वैरी एका सकाळी हातातून निसटला होता, आणि हातातल्या दगडांचं काय करायचं ते कोणाला कळत नव्हतं. गोमा म्हातारा तर “मी माझा दगड टाकनारच, कुनाच्या का नावानं आसंना” असं म्हणत चुलतभावांशी भांडत सुटला होता.

नाना खाली उतरले.  ठकू पुढे झाली, त्यांचा दंड धरला. गर्दी दोन्हीकडून मागे सरली; त्या बापलेकीच्या भोवती गाई बांधता येतील एवढी मोकळी जागा पडली.

त्या मोकळ्या जागेतून धोंडू चालत आला. मी मनात म्हटलं, आता हा नानांना उचलून दरीत टाकणार. त्याने पागोट्याचा शेव नीट केला, ठकूकडे एकदा पाहिलं आणि नानांना म्हणाला, “पोरगी बघाया कदी यायचं?”

 ठकूच म्हणाली, “बघितली की आत्ता. अजून काय बघायचं?”

लग्न वैशाखात झालं. मोरदऱ्यातली निम्मी माणसं रुसून आली नाहीत आणि जेवणाचा वास लागल्यावर आली. नाना वरातीबरोबर ओढा ओलांडून खिरपाडला गेले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तिथे पोचल्या पोचल्या मांडवाऐवजी एका पडक्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि विचारू लागले, ही कोणाची, केव्हा पडली. त्यांना ओढून मांडवात आणावं लागलं. साहेबखाचर त्यांनी पुढे कसलं नाही. त्यात खिरपाडची आणि मोरदऱ्याची गुरं एकत्र चरायला लागली.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. मला खिंडीपर्यंत पोचवायला नाना आले आणि त्यांच्याबरोबर धोंडूही आला. ट्रंक त्याने माझ्याकडून हिसकावून घेतली. चढ संपला तशी नानांनी काठी टेकली. त्यांच्या मनात काहीतरी बरेच दिवस घोळत होतं हे दिसत होतं. नानांना मी पाहिलं ते तसं शेवटचं: उन्हात डोळा बारीक केलेला, खांद्यावर घोंगडी, मुंडासं जरा तिरकं.

“इवाई,” ते म्हणाले, “त्या दिशी म्या बोललो तवा समदी खिंड हादरली. तुमी तेवढं हादरला न्हाई.”

“हादरायचं काय त्यात?” धोंडू म्हणाला. “लखूनं सांगितलं हे आमच्यात शेंबड्या पोरालाबी ठावं हाय.”

“ठावं हाय? कवापास्नं?”

“येसूबाबाच्या वक्तापास्नं.”

  नाना एकदम ओरडलेच, “आन् दर साली हितं हुबं ऱ्हाऊन शिव्या खाल्ल्या! माझ्या तोंडून! मग बोलला का न्हाई कुनी?”

धोंडूने माझी ट्रंक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“इच्यारलं न्हाई कुनी.”